नायक सर्वांत पुढे (टाकी सोडून)

भाईदासमामा वाचला, धर्मेंद्र टाकीत उतरला नाही, आणि दुसरंही कुणी उतरलं नाही. शेवट हा असा आहे.

पण हे काही घडलेलं नाही. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या त्या डाइंग मिलच्या ऑफिसात कुणालाही विचारा. दिवाळीच्या लांब सुट्टीनंतर मिल उघडली, मशीनला हार घातले, पेढे वाटले, काम सुरू झालं. जमिनीखालच्या टाकीचं झाकण कुणी उघडलं नाही, कारण झाकण नाही, कारण टाकीच नाही. टाकी नाही तर रंगाचं पाणी जातं कुठे, हे विचारायचं नसतं. अख्ख्या खात्याचे तळहात बरेच दिवस जांभळे होते हे खरं, पण डाइंग मिलमध्ये तळहात काय कुणाचेही जांभळे असतात. तेव्हा आपणही काही झालेलं नाही असं धरून चालू, आणि सुरुवातीपासून सांगू.

धर्मेंद्र हा तिथला जेट मशीनवरचा कारागीर. जेट म्हणजे उकळत्या रंगात कापड गोल गोल फिरवणारं आडवं लोखंडी पिंप. आत दाब एवढा की झाकण भलत्या वेळी उघडलं तर समोरचा माणूसही पक्क्या रंगाचा होऊन निघावा. धर्मेंद्र या पिंपाला भ्यायचा. बॉयलरला भ्यायचा. बॉयलर शांत असला की जास्त भ्यायचा. जवळच्या बमरोलीतल्या राहत्या खोलीत गॅसची टोटी बंद आहे का हे बघायला अंथरुणातून उठायचा, आणि बघताना चुकून उघडली तर नाही ना, म्हणून परत उठायचा. शेवटी खोलीतल्या लोकांनी त्याचं अंथरूण टोटीजवळच घातलं. तेव्हापासून तो अंथरुणाला भ्यायला लागला.

त्याला सुरतेला आणला भाईदासमामानं, म्हणजे त्याच्या आईच्या सख्ख्या भावानं. खात्यातली बहुतेक माणसं अशीच आलेली. आधी शिरपूरकडून भाईदास आला. त्यानं आपला साला लखन ओढला. लखननं चुलतभाऊ ओढला, चुलतभावानं साडू ओढला, आणि मधेच केव्हातरी मामानं भाचा ओढला. खोली बदलते, मिल बदलते, पण कोण कुणाचा हात धरून आला हा क्रम बदलत नाही.

धर्मेंद्रच्या बाकीच्या भीती हौशी होत्या. खरी भीती या क्रमाची होती. गेल्या वर्षी पलीकडच्या एका मिलमध्ये टाकी साफ करायला एक माणूस उतरला आणि पडला. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला. भावाला काढायला मेहुणा. जिवंत वर कुणीच आलं नाही. या मेहुण्याबरोबर धर्मेंद्र चहा प्यायचा, साखर कमी. टाकीत साचलेला वायू दिसत नाही आणि जोराचा असला तर वासही येईनासा होतो, हे त्याला नंतर लोकांच्या बोलण्यातून कळलं. पण त्याची झोप उडवली ती वायूनं नव्हे. तिघं ज्या क्रमानं सुरतेला आले होते, बरोबर त्याच क्रमानं आत गेले होते. त्यानं मनात आपली रांग लावून पाहिली. मामा, लखन, चुलतभाऊ, साडू. स्वतःचा नंबर कुठे येतो हे त्याला ठरवता येईना, आणि न ठरणं हे जास्त वाईट होतं.

अशात शेठ एका मोठ्या हॉटेलात व्याख्यान ऐकून आला. विषय होता, फौजेची तत्त्वं धंद्यात कशी वापरावीत. परत आल्या आल्या त्यानं मिलमध्ये फौजी आहे का अशी चौकशी केली. होता. फाटकावर होता. आनंदा नावाचा, बुलढाण्याकडचा निवृत्त हवालदार. दुपारपर्यंत तो वॉचमन होता, दुपारनंतर नेतृत्व प्रशिक्षक झाला. फाटकावर दुसरं कुणी न ठेवल्यामुळे दोन्ही कामं करू लागला.

आनंदाची फौजेतली हयात गोदामात कांबळी सांभाळण्यात गेली होती. शत्रू त्यानं पाहिला नव्हता. मात्र शत्रूला थंडी वाजली असती तर काय करायचं, हे तो नक्की सांगू शकला असता. तरी माणूस मनापासूनचा. त्यानं उरलेल्या निळ्या रंगात ब्रश बुडवून खात्याच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं: नायक सर्वांत पुढे. मग सगळ्यांना त्याखाली उभं केलं आणि भीती कुणाला वाटते असं विचारलं.

कुणाला वाटत नव्हती. लखनला तर भीती म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, असं लखन म्हणाला. धर्मेंद्रनं हात वर केला. आत्ता लपवलं आणि मागाहून उघडकीला आलं तर काय होईल, या भीतीनं केला. रांग हसली. साडू तर इतका हसला की त्याला धरावं लागलं.

आनंदा हसला नाही. त्यानं सांगितलं, की गोदामात सगळी कांबळी आहेत म्हणणारे त्याला पुष्कळ भेटले. एक कमी आहे म्हणणारा भेटला की त्या दिवशी त्याला शांत झोप लागायची. एवढं बोलून त्यानं धर्मेंद्रच्या दंडाला लाल चिंधी बांधली, गळ्यात शिटी अडकवली, आणि हा खात्याचा नायक असं जाहीर केलं.

भाईदासमामानं त्या संध्याकाळी गल्लीत सगळ्यांना लोचो, म्हणजे सुरतेचा तो मोडका ढोकळा, खाऊ घातला. भाचा नायक झाला म्हणून त्यानं गावाला फोन केला आणि पगार वाढला का या प्रश्नाच्या आधी कापला. धर्मेंद्र मात्र भिंतीवरचं वाक्य आठवत राहिला. पुढे म्हणजे कशाच्या पुढे, ते भिंतीवर लिहिलेलं नव्हतं.

मग कवायत सुरू झाली, रोज जेवणाच्या सुट्टीत. नियम सोपा होता. एक लांब शिटी म्हणजे ज्यानं त्यानं आहे तसं थिजायचं. दोन आखूड म्हणजे हलायचं. शिटी ज्यानं फुंकली, तो पुढच्या शिटीपर्यंत सगळ्यांचा मालक, मग समोर कुणी का असेना. मीसुद्धा थांबणार, असं आनंदानं बजावलं, आणि खरोखर थांबायचा, चहाचा कप ओठांना लावून, चहा हनुवटीवरून ओघळत असतानाही. लखन तोंडात घास धरून थिजायचा. एकदा मॅनेजर फेरीला आला, आणि अख्खं खातं पुतळ्यांसारखं उभं पाहून, मागे आपल्याला कुणी बघतंय का असं बघत निघून गेला. धर्मेंद्र शिटी फुंकताना डोळे मिटायचा. इतकी माणसं आपल्या एका फुंकरीनं थांबतात, याहून भयंकर गोष्ट त्यानं पाहिली नव्हती.

दिवाळी आली. मिल बंद झाली, सगळे गावी गेले. जमिनीखालच्या टाकीत रंगाचं, साबणाचं, सोड्याचं पाणी झाकणाखाली गाळ धरत बसून राहिलं. त्याला गाव नव्हतं.

सुट्टी संपून मिल उघडली त्या सकाळी पंप पाणी ओढेना. तळाशी गाळ अडकला होता. साफ करणारे ठेक्याचे लोक अजून गावाहून परतले नव्हते आणि शेठचा माल तर आजच हवा होता. मॅनेजरनं आनंदाला बोलावलं, हा नेतृत्वाचाच प्रश्न आहे असं सांगितलं, आणि स्वतः ऑफिसात जाऊन बसला.

झाकण लखननं आणि चुलतभावानं पहारीनं उचकटून बाजूला सरकवलं. सडक्या अंड्यासारखा वास आला, मग तो कमी झाला. सगळ्यांना बरं वाटलं. धर्मेंद्र सोडून. वास कमी का झाला, हे त्याला विचारायचं होतं, पण तोवर सगळे भोकात डोकावायला लागले होते. भोकाच्या तोंडाशी लोखंडी शिडीचा वरचा दांडा दिसत होता. त्याखालचा अर्धा. त्याखाली काहीच दिसत नव्हतं.

आनंदा सावधान उभा राहिला. भिंतीकडे त्यानं बोट केलं नाही, पण सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग सगळ्यांनी धर्मेंद्रकडे पाहिलं.

धर्मेंद्रनं उतरायचं ठरवलं होतं असं म्हणायला हरकत नाही. त्याच्या पायांनी ठरवलं नव्हतं. ते जागचे हलेनात. कानात बॉयलरसारखा आवाज भरला. किती वेळ गेला कळलं नाही, पण तेवढ्यात लोकांच्या नजरा बदलायला लागल्या. साडू आता हसत नव्हता, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

तेव्हा भाईदासमामा पुढे आला. त्यानं शर्ट काढून लखनच्या खांद्यावर टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की नायकाच्या आधी नायकाचा मामा, आमच्यात तशीच रीत आहे. अशी काही रीत नव्हती. भाच्याची अब्रू झाकायला ती त्यानं जागेवर तयार केली.

"मामा, नको उतरू," धर्मेंद्र म्हणाला. "माले भ्या वाटस."

"तुले टोटीनं बी भ्या वाटस."

मग धर्मेंद्रनं आयुष्यातली पहिली जबरदस्ती केली. कोपऱ्यात रंगवून झालेल्या पण धुलाई राहिलेल्या पॉलिस्टरचा ढीग होता, जांभळ्या साडीचा माल. त्यातला लांब तागा ओढून त्यानं पीळ दिला आणि मामाच्या छातीला, काखेखालून, गाठीवर गाठ मारत बांधला. एका गाठीवर विश्वास बसेना म्हणून गाठी जास्तच पडल्या, आणि दुसरं टोक त्यानं आपल्या हातात ठेवलं. मामानं मला काय म्हैस समजलास का असं विचारलं. लोकांना जरा हसू आलं. तेवढं हसू सोबत घेऊन मामा शिडी उतरायला लागला.

तो खालून बोलत होता. गाळ किती आहे ते सांगत होता. साल्यानं झाकण पूर्ण सरकवलं असतं तर उजेड आला असता, असं सांगत होता. चप्पल रुतली असं म्हणाला. मग, "लखन, ती बादली..." असं म्हणाला, आणि पुढचा शब्द आलाच नाही.

पडल्याचा आवाज झाला नाही. फक्त पुढचा शब्द आला नाही. वर सगळे त्या शब्दाची वाट बघत उभे राहिले. धर्मेंद्रच्या हातातला तागा एकदम जड झाला.

लखन शर्ट फेकून भोकाकडे धावला. त्याच्या मागे चुलतभाऊ. त्याच्या मागे, बायकोच्या बहिणीचा नवरा एकटा कसा जाईल म्हणून, साडू. धर्मेंद्रनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. रांग लागली होती. जशी लागायची तशीच, जशी ते सुरतेला आले तशीच. आणि त्या रांगेला कोपरानं मागे सारत सगळ्यांच्या पुढे घुसला आनंदा, कारण भिंतीवर तसं त्यानंच लिहिलं होतं. त्याचा एक पाय शिडीच्या दांड्यावर गेला. चेहरा पांढरा पडलेला. गोदामातल्या माणसाला शत्रू अखेर भेटला होता.

धर्मेंद्रनं शिटी फुंकली. एक. लांब.

पाय ऐकतात आणि डोकं मागाहून पोचतं, कवायतीचा एवढाच उपयोग असतो. सगळे थिजले. लखनचा हात आनंदाच्या कॉलरवर, चुलतभावाचा लखनच्या पट्ट्यावर, साडूचा हवेत. आनंदा एक पाय टाकीत, एक बाहेर. जेटचा घरघराट तेवढा चालू होता, कारण जेटला कवायत शिकवली नव्हती.

ही उसंत टिकणारी नव्हती हे धर्मेंद्रला कळत होतं. ओरडून कुणी ऐकणार नव्हतं. तो बसला तो बरोबर टाकीच्या तोंडाशी, आनंदाच्या आणि लखनच्या मधे. तिथून पुढे जायचं तर त्याला तुडवूनच जावं लागलं असतं.

"तुन्हा मामा शे तो," लखन म्हणाला. आवाज फाटला होता. "तुन्हा सख्खा मामा."

धर्मेंद्रनं तागा मनगटाला गुंडाळला. शिटी दातांत होती. ती काढली तर दात वाजतील असं त्याला वाटत होतं.

आनंदानं मान न हलवता त्याच्याकडे पाहिलं. मालक कोण हे नियमानं ठरलं होतं, आणि नियम त्याचाच होता.

"नायक," तो हळूच म्हणाला, "हुकूम?"

धर्मेंद्रनं शिटी काढली. दात वाजले.

"पाय बाहेर काढा साहेब. कुणी आत जायचं नाही. तागा ओढा."

मग दोन आखूड शिट्या. अख्खं खातं त्या जांभळ्या ताग्यावर पडलं. बेशुद्ध माणसाचं वजन काय असतं ते ओढणाऱ्यालाच कळतं. तागा घामानं भिजला, हातातून सुटू लागला, धुलाई राहिलेला रंग तळव्यांना लागून घसरू लागला. एकदा काहीतरी अडकलं. धर्मेंद्र त्या अडकण्याच्या वेळात जेवढा भ्याला तेवढा आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून भ्याला नव्हता, कारण गाठ त्यानं मारली होती, आणि सुटली तर आत जाण्यापासून आता कुणालाच थांबवता येणार नव्हतं, त्याला स्वतःलासुद्धा. आनंदानं गोदामातली ओझी उचलायची आरोळी दिली, सगळ्यांनी एकदम ओढलं, आणि मामाचं डोकं उजेडात आलं.

त्याला दारात, मोकळ्या हवेत आणून टाकला. कापड वाळवायचा मोठा पंखा त्याच्यावर लावला. ओठ निळे होते. छातीभोवती जांभळा पट्टा उमटला होता, जणू कुणी आडवी रेघ मारून खाडाखोड केली होती. लखन त्याच्या पायाशी बसून शिव्या देत होता, कुणाला ते त्यालाही माहीत नव्हतं. मग मामाच्या घशातून खरखर आली. ती फार वाईट खरखर होती आणि सगळ्यांना ती फार आवडली.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी भाईदास शुद्धीवर आला. त्यानं डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं, आणि पहिलं वाक्य बोलला, "मन्ही चप्पल आत राहनी." लखन उठून निघालाच होता. त्याला तिघांनी मिळून खाली बसवलं.

मामा वाचला, पण धर्मेंद्रची भीती सुटली नाही, जागा बदलून बसली. गावात बातमी पोचली होती, आणि गावाला बातमी थोडक्यात लागते. मामा टाकीत पडला, भाचा वर बसून शिटी वाजवत होता. आईनं फोनवर फक्त जेवलास का एवढं विचारलं, आणि उत्तराची वाट पाहिली नाही. बमरोलीच्या खोलीत त्याचं अंथरूण कुणी हलवलं नव्हतं, पण त्याच्या बाजूचं जरा लांब सरकलं होतं.

मामा दवाखान्यातून घरी आल्यावर कलाबाईनं, म्हणजे मामाच्या बायकोनं, लखनच्या बहिणीनं, धर्मेंद्रला जेवायला बोलावलं. भाकरी वाढली, वरण वाढलं, समोर बसली. त्याचा हात ताटाकडे गेला तेव्हा तिनं तो जांभळा तळवा पाहिला.

"तू उतरना नही, बरं करं," ती म्हणाली. मग ताटात आणखी एक भाकरी टाकली. "पन तू उतरना नही."

दोन्ही खरं होतं. धर्मेंद्रनं दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या.

मिलमध्ये तोवर काही झालेलं नव्हतं. मॅनेजरनं मामाला चक्कर आली असं लिहून घेतलं, सगळ्यांच्या तळहातांकडे पाहिलं आणि आपले हात खिशात घातले. आनंदा मात्र दुपारभर ब्रश घेऊन भिंतीसमोर उभा होता. वाक्य पुसावं तर तत्त्व जातं. ठेवावं तर माणसं जातात. शेवटी त्यानं पुढे कंसात लिहिलं: टाकी सोडून. लिहून झाल्यावर दोन पावलं मागे येऊन त्यानं धर्मेंद्रला सांगितलं, की त्या दिवशी पाय आत टाकताना आपल्याला भीती वाटली होती, आणि आपण रांगेत सगळ्यांना भीतीचं विचारलं तेव्हा स्वतः हात वर करायचा राहून गेला.

दुसऱ्या सकाळी मॅनेजरनं कंसावर चुना फासायला लावला. नसलेल्या टाकीचा उल्लेख भिंतीवर कशाला? चुना पातळ होता. निळं खालून दिसतच राहिलं.

शेठला मात्र एका गोष्टीची खबर लागली होती. एका शिटीत अख्खं खातं थांबतं. व्याख्यानात सांगितलं होतं तेच हे. हाक मारली की हलणारे पुष्कळ मिळतात, थांबवणारा नायक मिळत नाही, असं त्यानं सर्वांसमोर कौतुक केलं, हार घातला, आणि धर्मेंद्रला सुरतेजवळच्या सचिन गावातल्या आपल्या नव्या युनिटचा मुख्य नायक नेमला. तिथे जमिनीखाली टाक्या नव्हत्याच. नव्हत्या त्या पुष्कळ होत्या. आणि त्या प्रत्येकीभोवती काम करणारी माणसं कुठल्या ना कुठल्या गावाहून एकमेकांचा हात धरून आलेली होती.

सचिनला रुजू व्हायच्या आदल्या दुपारी धर्मेंद्रनं खात्यात, त्या भिंतीखाली बसून ऑफिसला अर्ज लिहिला. कागदाच्या कडेला अंगठ्याचा जांभळा डाग पडला, तो त्यानं तसाच ठेवला. अर्ज आवक-जावकच्या खिडकीत दिला. खिडकीतल्या बाईनं तो उलटा-सुलटा पाहिला आणि कुठल्या फाईलीत लावायचा असं विचारलं. धर्मेंद्रला ते माहीत नव्हतं. अर्ज असा होता:

मा. व्यवस्थापक साहेब यांस, अर्जदार धर्मेंद्र, जेट खाते, याजकडून सविनय सादर. दिवाळीनंतरचा प्रसंग घडलेला नसल्याने त्याचा येथे उल्लेख करीत नाही. तथापि सचिन युनिटचा मुख्य नायक म्हणून रुजू होण्यापूर्वी अर्जदारास भीती वाटण्याची लेखी परवानगी मिळावी. सदर परवानगी अर्जदाराच्या हाताखालील सर्व कामगारांस, त्यांचे मामा, साले, चुलतभाऊ व साडू यांसह, कामाच्या पूर्ण वेळेत लागू करावी, आणि ज्या दिवशी कुणालाच भीती वाटत नसेल त्या दिवशी कोणतेही झाकण उघडू नये, ही नम्र विनंती.